चोच न लागलेली फळे

त्या परसात माणसे उरली नव्हती. कधी काळी होती, असे जुनी झाडे सांगत. पण ती का गेली आणि कुठे गेली यावर झाडांचे एकमत नव्हते, आणि खरे सांगायचे तर कुणाला त्याची फारशी फिकीरही नव्हती. माणसांनी मागे ठेवलेल्या वस्तू मात्र परसातच राहिल्या होत्या आणि आपापले काम करत होत्या. रहाट विहिरीतून पाणी ओढी, पाट ते झाडांपर्यंत नेई, कुदळ आळी करी, कात्री वाळलेल्या फांद्या काढी. फळझाडे फळे देत आणि कुंपणावर घायपात उभा असे. घायपाताला खाण्याजोगे फळ येत नाही. त्याला लांब, जाड, टोकाला काटा असलेली पाने येतात, आणि कुंपणाला तेवढी पुरतात.

परसाच्या मधोमध पेरूची दोन झाडे होती. थोरली कुणी लावलेली नव्हती. एका बुलबुलाने कुठून तरी आणलेले बी तिथे पडले आणि ती उगवली. पुढे तिच्याच मुळातून पाच-सहा हातांवर एक कोंब वर आला, ती धाकटी. तिला लेक म्हणावे की बहीण, हे कुणी नीट ठरवले नाही. पण धाकटी पहिल्यापासून थोरलीला अक्का म्हणू लागली, म्हणून ती बहीण झाली. जमिनीखाली दोघींमध्ये अजून एकच जाड मूळ होते, आणि थोरलीला मिळालेल्या पाण्यातले निम्मे त्यातून धाकटीकडे जाई.

थोरलीचा पेरू आतून गुलाबी होता. झाडाला स्वतःचे फळ चाखता येत नाही, त्यामुळे आपण गोड आहोत हे तिला पोपटांकडून कळले होते. सगळ्या परसाला आपापली गोडी अशीच कळे. म्हणून तिथे एक रीत पडली होती. नव्याने फळावर आलेल्या झाडाच्या फळाला पहिल्यांदा चोच लागली, की शेजारची झाडे पाने हलवून विचारत, ‘काय, लागली का चोच?’ आणि त्या झाडाने लाजायचे. शेंड्याकडची फळे पाखरांची आणि खारींची, खालची आळ्यात पडून रुजायची, असा न बोललेला वाटा होता. त्यावरून कधी भांडण झाल्याचे कुणाला आठवत नाही.

मग एका वर्षी वानरे आली.

ती पन्नासेक होती. पोट भरेपर्यंत खाल्ले असते तर कुणी काही म्हटले नसते; पण त्यांनी कच्च्या फळांना एकेक चावा घेऊन ती फेकून दिली, कळ्या ओरबाडल्या, आणि जाताना रामफळाच्या ऐन दुबेळक्यात, जिथे खोडाच्या दोन फांद्या होतात तिथे, अशा उड्या मारल्या की तो उभा चिरला. चिरलेला रामफळ त्यानंतर पंधरा दिवस जिवंत होता. रोज थोडी थोडी पाने टाकत तो गेला, आणि ते सगळ्यांना बघावे लागले. ज्यांनी ते बघितले त्यांना पुढच्या गोष्टींसाठी सरसकट दोष देणे कठीण आहे.

दुःख ओसरल्यावर सगळे घायपातावर तुटून पडले. “तू कुंपणावर उभा राहून काय करत होतास?” चिकूने विचारले. चिकू हा परसातला वजनदार गृहस्थ. सगळे त्याला अण्णा म्हणत आणि त्याने एकदा विचारले की प्रश्न सगळ्यांचा होई.

घायपात मनातून फार खजील झाला होता. “माझी पानं जमिनीपासून छातीपर्यंत,” तो म्हणाला. “वरून उडी मारणाऱ्याला मी कुठवर पुरणार? मला परसात अधिकार द्या, मग बघा.”

घाबरलेल्या झाडांनी तो दिला. थोरलीनेही दिला. रामफळ तिचा जुना शेजारी होता आणि त्याची पाने तिच्याच आळ्यात पडली होती.

घायपाताने झपाट्याने काम सुरू केले. पत्र्याचा एक फुटका डबा कोपऱ्यात गंजत पडला होता, त्याला उंच फांदीवर टांगले. वारा आला की डबा स्वतःला बडवून घेई, आणि वारा नसेल तेव्हा घायपाताचे हुकूम ओरडून सांगे. ओरडण्याची त्याला मुळातच हौस होती. जुने जाळे बाहेर निघाले. बुंध्यांना काटेरी फांद्या बांधल्या गेल्या. वानरे पुन्हा आली नाहीत. ती तशीही येणार नव्हती, नदीपलीकडे त्यांना उंबरांचे रान सापडले होते. पण सुंठीवाचून खोकला गेला असे म्हटले, तर सुंठ आणणाऱ्याचे काय राहते? वानरांनी माझा धसका घेतला, असे घायपात सांगू लागला, आणि काही दिवसांनी त्याला ते खरेही वाटू लागले.

पोपट आणि खारी मात्र पूर्वीसारख्याच येत राहिल्या. त्यांचे काय करावे हे घायपाताला कळेना. काट्याला आभाळ अडवता येत नाही. बरे, येणारा कोण, किती आणि केव्हा येऊन गेला, हेही त्याला कुंपणावरून दिसत नसे. अधिकार हातात, आणि राखण होते आहे की नाही हे समजायला काही मार्ग नाही, अशी त्याची मोठी पंचाईत झाली. शेवटी त्याच्या ध्यानात आले की चोर दिसला नाही तरी डाग दिसतो. फळाला चोच किंवा दात लागला की तिथे खूण राहते. तेव्हा चोरांकडे बघत बसण्यापेक्षा फळांकडेच बघावे.

डब्याने हुकूम ओरडून सांगितला. दर आठव्या दिवशी पाहणी होईल. ज्याच्या फळांवर एकही डाग नाही त्याच्या खोडाला गेरूचा पट्टा मिळेल आणि पाटाचे पहिले पाणी मिळेल. ज्याच्या फळांवर डाग सापडेल त्याचे पाणी शेवटी. झाडांना हे रास्त वाटले. राखणीत कोण कमी पडतो हे कळायलाच हवे, असे सीताफळी म्हणाली, आणि बाकीच्यांनी पाने हलवली.

पहिल्या पाहणीत गेरूचा पट्टा कवठाला मिळाला. कवठाच्या फळाचे कवच असे की पोपटाने प्रयत्न केला तर पोपटाचीच चोच जायची. कवठ आधी संकोचला. “मी काय केलं? माझी सालच जाड,” तो म्हणाला. दुसऱ्या पाहणीत त्याला दुसरा पट्टा मिळाला तेव्हा तो काही बोलला नाही. तिसऱ्या पट्ट्यानंतर त्याने जाग्रणाचे, शिस्तीचे आणि आतून घट्ट राहण्याचे महत्त्व सांगणारे भाषण केले. सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले, आणि इतके मोठे झाड तिथे बसलेही.

चिकूला हे सहन झाले नाही. परसात मान त्याचा आणि पट्टे कवठाला! पण त्याची साल पातळ होती, ती काही जाड होईना. खूप विचार केल्यावर त्याला युक्ती सुचली. कच्च्या चिकूला चीक असतो. तो तोंडाला लागला की खार पळून जाते. तेव्हा फळ पिकूच द्यायचे नाही. चीक आत धरून ठेवायचा, गर घट्ट ठेवायचा, आणि फळ मोठे होऊन दगडासारखे गळून पडले की सुटलो. पुढच्या पाहणीत चिकूच्या फळांवर एक ओरखडा नव्हता. गेरू लावताना घायपाताचे डोळे पाणावले, असे डब्याने सांगितले. घायपाताला डोळे नसतात हे त्या आनंदात कुणी मनावर घेतले नाही.

मग परसात हीच विद्या सुरू झाली. अण्णांकडे झाडे शिकायला येऊ लागली. सीताफळीने गर कमी करत करत नुसत्या बियांवर आणला. डाळिंबाने दाणे पांढरे आणि कोरडे ठेवले. पपई तर इतकी कडू झाली की तिच्या पानांवरून चालणाऱ्या मुंग्यांनी वाट बदलली. पाहणीत डाग सापडेनासे झाले, खोडे गेरूने लाल दिसू लागली, आणि डबा रोज सकाळी ‘आज चोरी नाही’ असे ओरडू लागला. हे सगळे पाहून कुणालाही परस भरभराटीला आला असेच वाटले असते.

राहिली थोरली. दर पाहणीला तिची फळे टोचलेली निघत. आता तर सगळ्या परसातले पोपट तिच्याचकडे येत, कारण दुसरीकडे जाऊन उपयोग नव्हता. तिचे पाणी आधी शेवटी गेले, मग निम्मे झाले, मग दोन पाहण्यांनंतर पूर्ण तोडले गेले. इथे घायपाताची एक चूक झाली, आणि ज्याला फळ येत नाही त्याच्याकडूनच ती होऊ शकते. पेरूचे पाणी तोडले की फळ लहान होते, पण त्याची गोडी वाढते.

धाकटीला त्या हंगामात पहिल्यांदा फळे धरणार होती. फांद्यांवर पांढरी फुले आली होती आणि ती घाबरून गेली होती. एका दुपारी ती मुळातून थोरलीला म्हणाली, “अक्का, तू का नाही शिकत? अण्णा सगळ्यांना शिकवतात की.”

“शिकून बघितलं गं,” थोरली म्हणाली. “त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. रस वर चढू दिला नाही, पानं मिटून घेतली, ऊनसुद्धा अंगाला लागू दिलं नाही. पाचव्या दिवशी पोपट आले आणि म्हणाले, काकी, या खेपेला जरा जास्तच गोड लागतंय.”

धाकटी हसली नाही. “तुला हे गमतीचं वाटतं. इकडे माझ्या मुळाशी पाणी येत नाहीये.”

थोरलीला खरोखरच गंमत वाटत नव्हती. धाकटीला धीर यावा म्हणून ती तसे बोलली होती. तिने विचारले, “तू शिकलीस का?”

“हो,” धाकटी म्हणाली. “फुलं यायच्या आधीच शिकले. तुला सांगणार होते.”

थोरलीला वाईट वाटले. पण त्याहून जास्त हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याचे पुन्हा वाईट वाटले. “बरं केलंस,” ती म्हणाली, आणि आपल्याकडे होता नव्हता तो ओलावा तिने मुळातून धाकटीकडे ढकलला.

पुढच्या पाहणीला सगळा परस जमला, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या जागेवरूनच तिकडे पाने वळवली. थोरलीच्या एकोणीस फळांपैकी एकोणीस टोचलेली होती. घायपाताला थोरलीचा राग होता असे नाही. उलट तिच्यासारख्या जुन्या झाडावर ही वेळ यावी याचा त्याला त्रासच होत होता, आणि त्या त्रासाबद्दलही तो तिलाच दोष देत होता.

“बोलावणारा असल्याशिवाय येणारा येत नाही,” तो म्हणाला. “बाकी कुणाकडे येत नाहीत ते. तुझ्याकडेच का येतात?”

“पोटासाठी येतात,” थोरली म्हणाली. “आधी तुमच्याकडेही यायचे.”

ही गोष्ट खरी होती, म्हणून फार झोंबली. चिकू म्हणाला की त्या जुन्या गोष्टी आता उकरून काढायचे कारण नाही. कवठ म्हणाला की ज्यांना आतून घट्ट राहता येत नाही त्यांच्यामुळेच सगळ्यांच्या जिवाला घोर. मग घायपाताने ती गोष्ट काढली जी इतकी वर्षे कुणी काढली नव्हती. “आणि तुझं मूळ तरी कुठलं? तू लावलेली नाहीस. तू चोराच्या पोटातून या परसात आलीस.”

पाने हलायची थांबली. परसातली निम्मी झाडे तशीच आलेली होती, पण त्या क्षणी कुणालाच ते आठवले नाही.

निकाल झाला. झाड तोडावे. रामफळावर जी पाळी आली ती पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून हे करावे लागते आहे, असे डब्याने ओरडून सांगितले. कुऱ्हाड कोपऱ्यातून निघाली. तिला नवा दांडा बसवला होता, आणि तो रामफळाच्याच लाकडाचा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ असे म्हणतात. पण त्या बिचाऱ्याला कुणी विचारले नव्हते.

“थांबा,” कुदळ म्हणाली. आळी करताना तिला जमिनीखालचे सगळे कळे. “ही दोन झाडं नाहीत. मूळ एकच आहे.”

घायपाताला ही नवीन अडचण वाटली. त्याने थोडा विचार केला. “मूळ एक, तर गुन्हाही एक,” तो म्हणाला.

धाकटीच्या अंगावरची फुले थरथरली. तेव्हा थोरलीने मुळातून तिला सांगितले, “म्हण, मी हिची कुणी नाही.”

“मी हिची कुणी नाही,” धाकटी मोठ्याने म्हणाली. थोरलीला वाटले होते त्याहून ती थोडे लवकरच म्हणाली. आणि मग, कुणी न सांगता, पुढेही बोलली. “माझ्या फळांना चोच लागणार नाही. मी अण्णांकडे शिकलेय. मला तिचं पाणी नको. मूळ तोडा.”

सगळ्या झाडांना तिचे कौतुक वाटले. कुदळीने दोघींच्या मधली माती उकरली आणि तीन घावांत मूळ तोडले. थोरलीकडच्या तुटलेल्या टोकातून उरलेसुरले पाणी येत राहिले आणि खड्ड्यात जिरत राहिले. ते अजून त्याच दिशेने जात होते, कारण त्याला निकाल कळला नव्हता. मग कुऱ्हाडीने आपले काम केले. त्या वेळी वर पोपट घिरट्या घालत होते, आणि डबा वारा नसतानाही स्वतःला बडवत होता. थोरली पडताना तिची फळे परसभर विखुरली. ती कुणी उचलली नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांचा वास सगळ्या झाडांच्या पानांत भरून राहिला, आणि प्रत्येकाने तो दुसऱ्याकडून येतो आहे असे धरून चालले.

पेरूचे लाकूड टणक असते, वाया घालवण्यासारखे नसते. थोरलीच्या खोडाचा एक खांब झाला. धाकटीवर जाळे ताणायला खांब हवाच होता, म्हणून तो तिच्या शेजारी, अगदी फांदीच्या अंतरावर रोवण्यात आला. काही महिन्यांनी जाळे कुजून खाली आले. ते पुन्हा बांधायची गरज कुणाला वाटली नाही, पण खांब तसाच राहिला.

धाकटीला फळे धरली. हिरवी, गुळगुळीत, एकसारखी फळे. पहिल्याच पाहणीत तिला गेरूचा पट्टा मिळाला आणि पाटाचे पहिले पाणी तिच्या आळ्यात आले. कवठाने तिचा उल्लेख भाषणात केला. फळे झाडावर राहिली तितके दिवस राहिली, मग टणटण आवाज करत खाली पडली आणि उन्हात वाळून गेली. दुसऱ्या हंगामातही तसेच झाले. खारींनी परस सोडला होता. पोपट वरून उडत जात, पण उतरत नसत. डब्याला ओरडण्यासारखे काही उरले नाही, तरी तो ‘आज चोरी नाही’ असे ओरडत असे, कारण ते त्याचे काम होते. घायपात समाधानी होता, आणि म्हातारा दिसू लागला होता.

धाकटी कुणाशी बोलत नसे. बोलायची सवय तिला मुळातून होती, आणि ते मूळ आता दोन हातांवर जाऊन संपत होते. तिला थोरलीची आठवण फार येई. आणि एक शंका तिला आतून खात होती. अण्णांची विद्या तिने जिवाच्या भीतीने शिकली होती. मनात आणले तर ती विसरता येईल, असे ती स्वतःला सांगत असे. तिसऱ्या हंगामात तिने ते करून पाहिले. खांबाकडच्या फांदीवर एक फळ होते. त्या एका फळात तिने सगळे ऊन आणि सगळे पाणी आठ दिवस ओतले, आणि अक्का कसे करत असेल ते आठवून आठवून केले. फळ मोठे झाले. पिवळेही झाले. पण आत काय झाले हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि परसात ज्याला विचारावे असे कुणी नव्हते.

नवव्या दिवशी सकाळी एक म्हातारा पोपट परसात उतरला.

दोन वर्षांत पहिल्यांदाच पोपट उतरला होता. सगळ्या झाडांची पाने ताठ झाली. पोपट कुठल्याही झाडावर गेला नाही. तो खांबावर बसला. वाळक्या लाकडावर त्याने इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या, चोचीने सालीचा एक पापुद्रा सोलला, तो चघळला आणि टाकला, मग दुसरा सोलला. डब्याने त्याला पाहिले. पण वाळक्या लाकडाला पडलेला डाग धरायचा की नाही याबद्दल नियमात काही नव्हते, म्हणून तो गप्प राहिला.

धाकटीने आपली फांदी वाकवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने असे केले. कवठ बघत होता, अण्णा बघत होते, कुंपणावर घायपात बघत होता, तरी तिने फांदी आणखी वाकवली आणि ते पिवळे फळ पोपटाच्या अगदी चोचीपुढे धरले.

पोपटाने मान वाकडी केली. एका डोळ्याने फळाकडे पाहिले. मग ते पंखाला लागू नये म्हणून तो खांबावर जरासा बाजूला सरकला, आणि पुन्हा त्या वाळक्या लाकडाची साल सोलू लागला.